जामियाचे गरिबीतले दिवस



दिल्लीच्या ओखला भागातील जामिया मिल्लिया इस्लामिया हे आज केंद्रीय विद्यापीठ आहे. तेथे आपल्या मुलाला प्रवेश मिळावा म्हणून पालक धडपडतात. परंतु एके काळी हे एक लहानसे, सरकारी मान्यता नसलेले व सदैव कर्जात बुडालेले खाजगी कॉलेज होते, हे फार थोड्यांना ठाऊक असेल. त्या दिवसांतील विद्यार्थिजीवन आपण समजून घ्यावे, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.

१९२० साली असहकार व खिलाफतीची चळवळ सुरू झाली. सरकारी मदत घेणाऱ्या शाळा-कॉलेजांवर बहिष्कार घाला, अशी हाक महात्मा गांधी व अलीबंधूंनी अलीगढच्या कॉलेजातील विद्यार्थ्यांना दिली. काही विद्यार्थी व शिक्षक बाहेर पडले. २९ ऑक्टोबर १९२० रोजी, शुक्रवारी, कॉलेजच्याच मशिदीत मौलाना महमूद हसन यांच्या हस्ते जामियाची स्थापना झाली. मौलाना मुहम्मद अली तिचे पहिले कुलगुरू व हकीम अजमल खान कुलपती झाले.

पालकहो, क्षणभर विचार करा. नावाजलेले कॉलेज, हाताशी आलेली पदवी व पुढची सरकारी नोकरी सोडून ही मुले भाड्याच्या घरांत व तंबूंत राहावयास गेली. जामियाच्या पदवीला सरकारदरबारी किंमत नव्हती. अंगावर खादी आली, हातात टकळी आली. शिक्षणाचे माध्यम इंग्रजी न राहता उर्दू झाले.

१९२४ साली तुर्कस्तानातील खिलाफत संपली आणि चळवळीबरोबर पैसाही आटला. जामिया बंद करावी, असे पुष्कळांचे मत पडले. गांधीजी व हकीमसाहेब मात्र ती चालू राहावी या मताचे होते. १९२५ मध्ये जामिया अलीगढहून दिल्लीच्या करोल बागेत आली व भाड्याच्या इमारतींत वर्ग भरू लागले.

अलीगढचे कॉलेज सोडणाऱ्यांपैकीच एक, झाकिर हुसेन, तेव्हा जर्मनीत शिकत होते. जामिया बंद करू नका, मी व माझे मित्र येऊन तिची सेवा करू, असे त्यांनी कळविले आणि शब्द पाळला. डॉक्टरेट घेऊन १९२६ साली ते परतले. बरोबर आबिद हुसेन व मुहम्मद मुजीब हे दोन मित्र आले. वयाच्या २९ व्या वर्षी झाकिरसाहेबांच्या खांद्यावर कुलगुरूपद पडले. १९२७ च्या अखेरीस हकीमसाहेब वारले व मोठा आधार तुटला. तेव्हा १९२८ मध्ये शिक्षकांनी प्रतिज्ञा केली : वीस वर्षे जामियाची सेवा करू व महिना १५० रुपयांहून अधिक पगार घेणार नाही. तेवढाही पगार अनेकदा हाती पडत नसे.

पैसा आला तो लहान देणग्यांतून. 'हमदर्दाने जामिया' या योजनेखाली सामान्य माणसे आपल्या ऐपतीप्रमाणे थोडी थोडी रक्कम नियमित देत. संस्था श्रीमंतांच्या एका मोठ्या चेकवर नव्हे, अशा हमदर्दांवर तगली.

गरिबी होती, पण विद्यार्थिजीवन उदास नव्हते. प्राथमिक शाळेतील मुले स्वतःचे दुकान व स्वतःची बँक चालवीत. हिशोब वहीत व व्यवहारातही शिकत. मुलांचे स्वतःचे 'सरकार' असे. १९३२ च्या अखेरीस जर्मनीहून आलेल्या गेर्डा फिलिप्सबोर्न या ज्यू बाईंनी वसतिगृहातील लहान मुलांना आईची माया दिली. मुले त्यांना 'आपाजान' म्हणत. १९४३ साली त्या वारल्या व जामियाच्याच भूमीत त्यांना दफन करण्यात आले.

झाकिरसाहेबांची एक आठवण नेहमी सांगितली जाते. मुले बूट स्वच्छ ठेवीनात, म्हणून ते स्वतः ब्रश व पॉलिश घेऊन फाटकाशी बसले. मुले शरमली. रागावण्याची गरजच उरली नाही.

१ मार्च १९३५ रोजी ओखल्यास नव्या इमारतीची कोनशिला बसविण्यात आली. ती बसविण्याचा मान कोणा नबाबाला अथवा पुढाऱ्याला न देता शाळेतील सर्वांत लहान विद्यार्थ्याला देण्यात आला. शाळा कोणाची, याचे याहून स्पष्ट उत्तर कोणते?

या अनुभवाचा लाभ आपल्या महाराष्ट्रासही झाला. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यास शिक्षण परिषद भरली, तेव्हा हस्तोद्योगातून शिक्षणाची, म्हणजे 'नई तालीम'ची योजना आखणाऱ्या समितीचे अध्यक्षपद झाकिर हुसेन यांच्याकडेच आले. पुढे १९६७ साली ते राष्ट्रपती झाले. १९६९ मध्ये वारल्यावर त्यांचे दफन जामियातच झाले. जामियाला १९६२ मध्ये अभिमत व १९८८ मध्ये केंद्रीय विद्यापीठाचा दर्जा मिळाला.

पालकहो, शाळा निवडताना आपण इमारत पाहतो, निकालाची टक्केवारी पाहतो. ते पाहावेच. पण तेथे शिक्षक मुलांत मिसळतात काय, मुलांवर काही जबाबदारी सोपविली जाते काय, हेही विचारा. आणि आपल्या शाळेत उणीव दिसली, तर नुसते बोट दाखवून थांबू नका. महिन्याकाठी थोडे पैसे, नाहीतर आठवड्याचा एक तास द्या. विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या वर्गाची स्वच्छता, वाचनालय, हिशोब ही कामे तुमची आहेत, ती मागून घ्या. जामिया अशाच हातांनी उभी राहिली.