दादन, स्वदेशी आणि न्याय्य व्यापार: बंगालच्या हस्तकलेचा एक साहित्यिक पूर्वेतिहास

कोलकात्याच्या ईशान्येस, राजारहाटच्या शेतजमिनींवर वसवलेल्या न्यू टाउन या नियोजित नगरात हस्तकलेला मानाचे स्थान आहे. डिसेंबर २०१२ मध्ये खुल्या झालेल्या इको पार्कच्या परिसरात राज्याचा हस्तशिल्प मेळा भरत आला आहे. ‘विश्व बांगला’ हे शासकीय हस्तकला-विक्रीचे नाव येथील कमानीला आणि संमेलन केंद्रालाही देण्यात आले आहे. या नावातच स्थानिक कारागीर आणि दूरचा ग्राहक यांना जोडण्याची आकांक्षा आहे. दूरच्या ग्राहकाने गरीब कारागिराची वस्तू न्याय्य दराने घ्यावी, हा ‘फेअर ट्रेड’चा विचार सामान्यतः युद्धोत्तर पाश्चात्त्य उपक्रम मानला जातो. १९४६ मध्ये एडना रूथ बायलर या मेनोनाइट पंथीय अमेरिकन स्त्रीने पोर्तो रिकोतील स्त्रियांचे भरतकाम आपल्या परिचितांत विकावयास आरंभ केला, तेथून हा इतिहास सांगण्याची प्रथा आहे. तथापि या विचाराच्या मुळाशी असलेला प्रश्न बंगालच्या इतिहासाने आणि साहित्याने फार आधी हाताळला होता. तो प्रश्न आगाऊ रकमेचा, म्हणजेच ‘दादन’चा आहे.

दादन म्हणजे उत्पादनापूर्वी उत्पादकाच्या हाती ठेवलेला पैसा. मराठीत त्यास ‘उचल’ म्हणतात, आणि ऊसतोडणी कामगारांच्या संदर्भात हा शब्द मराठी वाचकास पुरेसा परिचित आहे. भांडवल नसलेल्या विणकराला सूत घेण्यासाठी आणि काम पुरे होईपर्यंत पोट भरण्यासाठी ही रक्कम आवश्यकच असे. परंतु ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात तिचे स्वरूप पालटले. कंपनीच्या सेवेत राहिलेल्या विल्यम बोल्ट्‌सने १७७२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात, पैसे नाकारणाऱ्या विणकराच्या कमरेला ते बांधून त्याला फटके देऊन हाकलून दिले जाई, असे नमूद केले आहे. आधार म्हणून दिली जाणारी रक्कम येथे बेडी झाली. तिचा स्वीकार हा करार नव्हता, कारण नकाराची मुभाच नव्हती.

याच यंत्रणेला वाङ्मयीन रूप मिळाले ते १८६० मध्ये, दीनबंधू मित्र यांच्या ‘नीलदर्पण’ नाटकात. त्यातील पीक नीळ आहे, वस्त्र नव्हे. पण रयतेवर लादलेले दादन आणि कधीच न फिटणारा हिशेब हाच त्याच्या शोकांतिकेचा गाभा आहे. या नाटकाच्या इंग्रजी अनुवादाच्या प्रकाशनाबद्दल १८६१ मध्ये रेव्हरंड जेम्स लाँग यांना एक महिन्याचा कारावास आणि एक हजार रुपये दंड झाला. दंडाची रक्कम कालीप्रसन्न सिंह यांनी भरली.

त्याच १८६० साली नेदरलँड्समध्ये मुल्तातुली या टोपणनावाने ‘माक्स हावेलार’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. जावातील सक्तीच्या लागवडीच्या व्यवस्थेखाली भरडल्या गेलेल्या रयतेची दैन्यावस्था तिने डच वाचकांसमोर मांडली. या दोन कृतींच्या परस्परसंपर्काचा प्रश्न येथे नाही. समान वासाहतिक अर्थव्यवस्थेतून उद्भवलेले हे साम्य आहे. मात्र त्यांचे उत्तरायुष्य भिन्न झाले. १९८८ मध्ये नेदरलँड्समध्ये न्याय्य व्यापाराच्या कॉफीसाठी पहिले प्रमाणचिन्ह निघाले आणि त्याला ‘माक्स हावेलार’ हे नाव मिळाले. ‘नीलदर्पण’ रंगभूमीच्या इतिहासात स्थिरावले. १८७२ मध्ये नॅशनल थिएटरने आपला आरंभ त्याच नाटकाने केला. पाश्चात्त्य ग्राहकाला उद्देशून लिहिलेली कृती वेष्टनावर आली, रयतेच्या अंगाने लिहिलेली कृती आली नाही, ही बाब सूचक मानावी लागेल.

स्वदेशीच्या काळात ग्राहकाच्या नैतिकतेचा विचार बंगालमध्ये पुन्हा पुढे आला. या संदर्भात देवघर परिसरात स्थायिक झालेल्या मराठी घराण्यातील सखाराम गणेश देउस्कर यांचे स्मरण अगत्याचे ठरते. त्यांच्या ‘देशेर कथा’ (१९०४) या बंगाली ग्रंथाने देशी उद्योगांच्या ऱ्हासाची कारणमीमांसा सामान्य वाचकापर्यंत नेली. १९१० मध्ये शासनाने त्यावर बंदी घातली. महाराष्ट्रात लोकहितवादी आणि ‘सार्वजनिक काका’ गणेश वासुदेव जोशी यांनी मांडलेला देशी मालाचा आग्रह आणि बंगालमधील स्वदेशी यांतील एक दुवा म्हणून देउस्करांकडे पाहता येते. सरलादेवी चौधुराणींनी कोलकात्यात काढलेले ‘लक्ष्मीर भांडार’ हे स्वदेशी वस्तूंचे दुकानही याच वातावरणातले.

पण नैतिक खरेदीचा भार कोण वाहतो? हा प्रश्न रवींद्रनाथांनी ‘घरे-बाइरे’ (१९१६) मध्ये उपस्थित केला. निखिलेश स्वतः तोटा सोसून देशी वस्तू वापरतो. मात्र आपल्या हाटातून विदेशी माल सक्तीने हटवण्यास तो नकार देतो. कादंबरीतील पंचू हा गरीब विक्रेता आहे. त्याचे विदेशी कापड दुसरा जमीनदार जाळतो आणि वर दंडही करतो. खरेदीदाराच्या तत्त्वाची किंमत सर्वांत दुर्बल माणसाकडून वसूल होऊ शकते, हे त्यातून ध्यानात येते.

या पार्श्वभूमीवर आधुनिक न्याय्य व्यापाराचा एक नियम विशेष अर्थपूर्ण ठरतो. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या आणि पुढे जागतिक न्याय्य व्यापार संघटना म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेच्या तत्त्वांनुसार, हस्तकला-उत्पादकाने मागणी केल्यास किमान ५० टक्के रक्कम बिनव्याजी आगाऊ द्यावयाची असते. हे दादनच आहे. पण ते मागण्याचा हक्क उत्पादकाकडे आला आहे. कोलकात्यात १९७८ मध्ये स्थापन झालेली ‘साशा’ ही या चळवळीतील जुन्या भारतीय संस्थांपैकी एक. ज्या प्रदेशात दादनने विणकर बांधले गेले, तेथेच त्याच साधनाचा उलट वापर करण्याचा प्रयत्न झाला.

तरीही एक पेच उरतो. कांथा ही मुळात जुन्या साड्यांच्या थरांवर घरच्यांसाठी घातलेली शिवण. मराठी गोधडीची ती सख्खी बहीण. जसीमउद्दीन यांच्या ‘नक्शी कांथार माठ’ (१९२९) या काव्यात साजू आपल्या आयुष्याची कथा कांथेवरच भरते. तेथे वस्तू हेच निवेदन आहे आणि निवेदिका स्वतः कारागीर आहे. बाजारासाठीच्या कांथेत नक्षी बहुधा दुसऱ्याने आखलेली असते, शिवणाऱ्या स्त्रीला नगामागे मजुरी मिळते, आणि तिची कथा चिठ्ठीवर तिसऱ्याच कोणीतरी लिहिलेली असते. ग्राहकाची सहानुभूती त्या चिठ्ठीवर अवलंबून असल्याने कारागिराने सदैव ‘गरजू’ दिसणे हीदेखील एक अलिखित अट बनते.

मेळ्यातील थेट विक्रीमुळे मध्यस्थ दूर होतो, हे खरे. परंतु तेथे आगाऊ रक्कम नसल्यास सुताचा, प्रवासाचा आणि न खपलेल्या मालाचा भार कारागिरावरच पडतो. म्हणून न्याय्यतेची कसोटी चिठ्ठीवरील कथेत शोधणे अपुरे आहे. पैसा कोणी आधी घातला, न विकलेला माल कोणाच्या घरी परतला आणि कारागिराला नकार देता आला काय, हे प्रश्न कमरेला पैसे बांधलेल्या विणकरापासून न्यू टाउनच्या हाटापर्यंत तेच राहिले आहेत. बंगाली साहित्याने ते विचारून ठेवले आहेत. हस्तकलेच्या इतिहासकाराने त्या कृतींकडे पुरावा म्हणूनही पाहणे आवश्यक आहे.