सुरतेच्या बंदरी उतरण्याचा दिवस



दवाखान्यात बसणाऱ्या माणसाने इतिहासावर बोलावे हे थोडे धाडसाचेच आहे. पण विषय मला माझ्या मुलाने दिला, आणि त्यालाही आता पंचवीस वर्षे झाली. शाळेतून आल्या आल्या त्याने विचारले, "बाबा, आपल्या राजाने यांचे सुरत लुटले का?" वर्गातल्या कोणीतरी त्याला तसे चिडवले होते. गोडादऱ्यात आपल्यातल्या बहुतेक घरांनी हा प्रश्न ऐकला असेल. माझ्या घरी त्याला आणखी एक पदर होता. आम्ही खानदेशातले, घरात मराठी. आणि त्या लुटीत ज्याची पेढी सर्वांत आधी आठवते तो वीरजी वोरा जैन होता. म्हणजे लुटणारा राजा आमचा आणि लुटलेला सावकारही आमचाच. मुलाला तेव्हा मी काय उत्तर दिले ते आठवत नाही. बहुधा 'जेवून घे' म्हणालो असेन.

पुढे वाचत गेलो तसे लक्षात आले, की लूट समजायची तर आधी बंदर समजले पाहिजे. सुरत समुद्रावर नाही, तापीवर आहे. नदीच्या मुखाशी वाळूचे दांडे, त्यामुळे मोठी गलबते वर येत नसत. ती बाहेर नांगर टाकत, आणि माल व माणसे लहान होड्यांतून, भरती पाहून शहरापर्यंत येत. इंग्रज आणि डच यांची जहाजे उत्तरेला सुवालीच्या किनाऱ्याला लागत. आज हजीऱ्याकडे रविवारी आपण मुलांना घेऊन जातो तीच ही सुवाली.

जाँ द तेवनो हा फ्रेंच प्रवासी बसऱ्याहून निघून 10 जानेवारी 1666 रोजी इथे पोचला. त्याने उतरण्याचा हा खटाटोप तपशिलाने लिहून ठेवला आहे. सुवालीला जकात चुकवून माल बाहेर निघतो, म्हणून युरोपी कंपन्या सोडून इतर जहाजांना तिथे लागायला मनाई झाली होती. होडी नदीतून शहरापाशी आली तरी जमिनीवर पाय ठेवता येत नसे. जकातघर सकाळी उघडेपर्यंत रात्र होडीतच काढायची. मग झडती. कमरपट्टा सोडा, टोपी काढा, जोडे काढा. अंगावरून हात फिरवून पाहत, कारण लोक मोती आणि मोहरा कुठे कुठे लपवीत. 1615 मध्ये इंग्लंडचा वकील सर टॉमस रो याने याच झडतीला नकार देऊन मोठा तंटा केला होता. तेवनोने निमूटपणे झडती दिली. विमानतळावर पट्टा आणि बूट काढताना मला हा माणूस हटकून आठवतो.

जकातीतही माणसामाणसांत फरक होता. औरंगजेबाने 1665 मध्ये मुसलमान व्यापाऱ्यांना अडीच टक्के आणि हिंदूंना पाच टक्के असा दर ठरवला. हजला जाणारे याच बंदरातून निघत. त्यांच्यासाठी 1644 मध्ये बांधलेली मुघलसराई आज आपल्या महानगरपालिकेची कचेरी आहे.

तेवनो शहरात शिरला तेव्हा विटांचा नवा तट बांधण्याचे काम चालले होते. आधीचा मातीचा होता. तट का हवा झाला, ते दोन वर्षांपूर्वी घडून गेले होते.

शिवाजी महाराज जानेवारी 1664 मध्ये आले. इंग्रजांच्या जुन्या पंचांगाप्रमाणे 6 तारीख, बुधवार. शायिस्तेखानाने तीन वर्षे पुणे प्रांत तुडवला होता, त्याची भरपाई मोगलांच्या सर्वांत श्रीमंत बंदरातून करायची होती. हंगामही तसाच होता. पावसाळ्यात हे बंदर मिटलेले असे. जानेवारीत जहाजे लागलेली, वखारी भरलेल्या. सुभेदार इनायतखान किल्ल्यात जाऊन बसला. वखार लढवली ती इंग्रजांनी, जॉर्ज ऑक्सेंडनच्या हाताखाली.

त्याच दिवसांत अँटनी स्मिथ नावाचा कंपनीचा एक नोकर सुवालीहून एकटाच आला, धक्क्यावर उतरला आणि मराठ्यांच्या हाती सापडला. त्याने छावणीत जे पाहिले ते इंग्रज पाद्री एस्कॅलियॉट याच्या पत्रात आले आहे. कैद्यांचे हात तोडले गेले, असे त्यात आहे. त्याआधी इनायतखानाच्या वकिलाने बोलणी करताना महाराजांवर कट्यार चालवली होती, हेही त्याच प्रसंगातले. दोन्ही सांगायचे. एकच सांगून थांबणारा मनुष्य, मग तो कोणत्याही बाजूचा असो, मला अर्धीच लक्षणे सांगणाऱ्या रोग्यासारखा वाटतो. स्मिथ तीनशे रुपये खंडणी देऊन सुटला. फ्रेंच कॅपुचिन साधूंच्या मठाला मात्र हात लागला नाही, हे परदेशी लेखकांनीच नोंदवले आहे.

वीरजी वोराचे घर लुटले गेले, यात शंका नाही. मोहरा, मोती, हिरे किती गेले याचे आकडे अनेक पुस्तकांत सापडतात. मी ते वापरत नाही. मला जास्त मोलाची वाटते ती तेवनोची नोंद. लुटीनंतर दोन वर्षांनी तो वोराला भेटला, त्याच्याशी मैत्री झाल्याचे त्याने लिहिले, आणि त्याची मालमत्ता लोक निदान ऐंशी लाखांची समजतात असेही लिहिले. म्हणजे पेढी बुडाली नव्हती. बादशहानेही सुरतेच्या व्यापाऱ्यांना वर्षभराची जकात माफ केली होती. ऑक्टोबर 1670 मध्ये महाराज पुन्हा आले, तेव्हा तट उभा होता. त्याचा काही उपयोग झाला नाही.

मुलगा आता चाळिशीकडे झुकला आहे, आणि त्याच्या मुलीने मागच्या दिवाळीत तोच प्रश्न विचारला. या वेळी मी तिला तेवनोची वाट नकाशावर दाखवली. सुरत सोडून तो बारडोली, व्यारा, नवापूर, पिंपळनेर असा औरंगाबादकडे गेला. नवापूरच्या तांदळाला शिजल्यावर कस्तुरीचा वास येतो, असे त्याच्याच काळातल्या ताव्हर्निए या दुसऱ्या फ्रेंच प्रवाशाने लिहिले आहे. पोरगी नकाशावर बोट ठेवून म्हणाली, "आजोबा, ही तर आपली गावाला जायची वाट आहे."