क्रीडाचित्रपत्ते व क्रीडातिकिटे

खेळाडूंची किंवा गाजलेल्या खेळप्रसंगांची चित्रे असलेले पत्ते, वेष्टने आणि डाकतिकिटे थोड्या पैशांत जमवण्याचा छंद. अमेरिकेत तो बेसबॉलपत्त्यांनी रुजवला. च्युइंगगमसोबत पत्ते देणाऱ्या टॉप्स कंपनीच्या 1952 च्या संचातला मिकी मँटलचा एक पत्ता 2022 मध्ये 1 कोटी 26 लाख डॉलरना गेला. बातम्या अशाच विक्रीच्या होतात. छंद मात्र चिल्लरीवर चालतो. टॉप्सच्या 1961 च्या संचात ‘बेसबॉल थ्रिल्स’ ही छोटी मालिका होती. तिचा विषय खेळाडू नव्हते, तर बेब रूथचा साठावा होमरन यांसारखे प्रसंग होते.

महाराष्ट्रातल्या मुलांना या छंदाची ओळख झाली ती किराणा दुकानातल्या बरणीतून. गेल्या शतकाच्या अखेरीस ‘बिग फन’ या बबलगमसोबत क्रिकेटपटूंची चित्रे मिळत आणि त्यांवर धावा किंवा विकेट छापलेल्या असत. ठरावीक बेरीज झाली की दुकानदाराकडून एक पुस्तिका मिळे; तिची पाने भराभर उलटली की फटका हलताना दिसे. 1999 च्या विश्वचषकाच्या वेळी ब्रिटानियाने बिस्किटांच्या पुड्यांवर हीच युक्ती वापरली. या धावा बेरजेसाठी होत्या, आठवणीसाठी नव्हत्या. बेरीज भरली की पत्ते दुकानदाराकडे परत जात. म्हणूनच त्या पिढीकडे आठवणी भरपूर, पत्ते मोजके. पुढे आयपीएलच्या काळात टॉप्सचे ‘क्रिकेट अटॅक्स’ पत्ते आले. ते जपून ठेवले गेले, पण त्यांतही भर आकड्यांच्या खेळावरच.

प्रसंग जपण्याचे काम आपल्याकडे खरे तर डाकखात्याने केले. 1971 मध्ये अजित वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडीज आणि इंग्लंड या दोघांना त्यांच्याच भूमीवर हरवले आणि त्याच वर्षी डिसेंबरात त्या विजयांचे 20 पैशांचे तिकीट निघाले. 1996 मध्ये दोन रुपयांच्या तिकिटांवर सी. के. नायडू, विनू मंकड, विजय मर्चंट आणि दि. ब. देवधर आले. देवधर पुण्यात संस्कृतचे प्राध्यापक होते. त्यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने 1939–40 आणि 1940–41 अशी सलग दोनदा रणजी करंडक स्पर्धा जिंकली. सचिन तेंडुलकरची तिकिटे 14 नोव्हेंबर 2013 रोजी, वानखेडेवर त्याची दोनशेवी कसोटी सुरू झाली त्याच दिवशी प्रकाशित झाली.

 विदर्भातल्या संग्राहकाला आपल्या भागातला प्रसंग हवा असेल, तर 31 ऑक्टोबर 1987 चा नागपूरचा सामना आहे. न्यूझीलंडविरुद्ध चेतन शर्माने विश्वचषकातली पहिली हॅटट्रिक घेतली आणि सुनील गावसकरांनी नाबाद 103 धावा करत आपले एकमेव एकदिवसीय शतक झळकावले. अशा प्रसंगाची वृत्तपत्रातली कात्रणे आणि सामन्याचे तिकीट हाही संग्रहच. त्याला मोठा खर्च लागत नाही. नवी डाकतिकिटे नागपूरच्या जनरल पोस्ट ऑफिसातल्या फिलॅटेली ब्युरोत छापील किमतीला मिळतात, आणि तिथे फिलॅटेली ठेव खाते उघडले तर टपालाने घरीही येतात.

जुने पत्ते किंवा पुस्तिका घरात सापडल्या तर त्यांना रबरबँड लावू नये. विदर्भाच्या उन्हाळ्यात रबर मऊ पडून कागदाला चिकटते. चिकटपट्टीही टाळावी. साधे कागदी पाकीट पुरते.