पट्टीवरचं नाव

परवा वाशीच्या एपीएमसी मार्केटात गेलो होतो, कांदा-बटाटा विभागात. (आत्या, वाचत असाल तर सांगतो, आम्ही अजून गोणीनेच कांदा घेतो!) ओळखीच्या गाळ्यावर ओळखीचा माथाडी भेटला. सातारा जिल्ह्यातला, जावळीकडचा. दोन वर्षांपूर्वी त्याची दारू फार वाढली होती, तेव्हा मी त्याच्याशी बोलत बसायचो. एकदा त्याच्यासाठी प्रार्थनाही केली होती. परवा म्हणाला, "दादा, तुमच्यामुळं सुटली बगा."

माझी छाती फुगली. मग त्याच्या गळ्यातली तुळशीची माळ दिसली आणि, खोटं कशाला बोलू, मी जरा हिरमुसलो. घरी बायकोला सांगताना मात्र माळ गाळली आणि माझी प्रार्थना लांबवली.

रात्री टिळक आठवले. लोकमान्य नव्हेत, रेव्हरंड नारायण वामन. सातारा म्हटलं की आम्हा ख्रिस्ती घरांत ते आठवतातच. 1895 साली मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे अहमदनगरला (आताचं अहिल्यानगर) अमेरिकन मराठी मिशनमध्ये त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं. त्यांची पदं आपल्या चर्चमध्ये आजही गातात. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत.

आणि 1917 साली, पंचावन्नच्या पुढचं वय झालेलं असताना, या माणसाने मिशन सोडलं. पगारही सोडला. साताऱ्याला जाऊन 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून तिथे जागा होती. लोक ख्रिस्ताकडे बघायला येतात आणि मधे मिशनचा बंगला, परदेशी रीतभात उभी असते. ती बाजूला करायची, असा विचार.

पण मिशन बाजूला झाल्यावर मधे कोण उरलं? टिळकच! कवी, वक्ते, हातचं देऊन टाकणारे, भडक डोक्याचे. 'स्मृतिचित्रे' वाचलेल्यांना हे सांगायला नको. लोक त्यांच्याभोवती जमले. 9 मे 1919 ला मुंबईत टिळक वारले आणि दरबार फार टिकला नाही. एवढा मोठा माणूस, नाव मुद्दाम देवाचं दिलेलं, तरी हे असं. मला याचं फार वाईट वाटतं, आणि थोडा धीरही येतो.

टिकलं ते 'ख्रिस्तायन'. टिळकांनी त्याचे दहाएक अध्याय लिहिले होते. उरलेले साठाहून अधिक लक्ष्मीबाईंनी लिहिले. ज्यांना लग्नानंतर नवऱ्याने अक्षरओळख करून दिली, त्या लक्ष्मीबाईंनी. टिळकांचं काम पुरं करायचं, एवढ्यासाठी.

मार्केटात गाळ्यावर आडत्याचं नाव केवढं मोठं रंगवलेलं असतं. बोलताना तोही "माझा माल" म्हणतो. पण हिशेबाची पट्टी निघते ती शेतकऱ्याच्या नावावर.

असो. शनिवारी लसणाचं निमित्त करून परत गेलो. त्याला विचारलं, माळ कधी घातली?

"गेल्या आषाढीला. वारीला गेल्तो." गोणी पाठीवर घेता घेता म्हणाला, "तुमीच म्हनला हुता न्हवं, मला काय सांगतोस, देवाला सांग म्हनून?"

मला ते वाक्य आठवतही नव्हतं.