ऑर्गन: भात्यापासून डबीपर्यंत

ऑर्गन हा शब्द ऐकल्यावर डोळ्यांपुढे काय येतं, यावरून माणसाचं वय ओळखता येतं. साठीच्या पुढचा मराठी माणूस असेल तर त्याला संगीत नाटक आठवेल. रंगमंचाच्या पुढ्यात, खालच्या अंगाला ठेवलेलं कपाटासारखं लाकडी वाद्य, आणि तिसरी घंटा झाली की थिएटरभर पसरणारा तो सूर. चाळिशीच्या आतला असेल तर त्याला कीबोर्डवरचं एक बटण आठवेल. चर्चमधला नळ्यांचा ऑर्गन आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेला असतो तो सिनेमातच.

माझा नातू (लेकीचा मुलगा, नात्यातल्यांना कोणता ते सांगायला नकोच!) बटणवाल्या पिढीतला. घरीच संगीत तयार करतो. त्याच्याकडे आकाई कंपनीचं एमपीसी म्हणून यंत्र आहे. सोळा रबरी चौकोन, एक छोटा पडदा, चारदोन गोल खुंट्या. मी त्याला डबी म्हणते, तो चिडतो. या डबीत त्याने कुठूनसा 'जुन्या ऑर्गनचे आवाज' असा भलामोठा संच भरला आणि मला म्हणाला, "आजी, यातला तुमच्या नाटकातला ऑर्गन कुठला?" मी एकेक करून सगळे ऐकले. चर्चचे होते, मूकपटाच्या काळातल्या थिएटरांचे होते, अमेरिकन जाझचे होते. आपला नव्हता. का नव्हता, हे त्याला सांगता सांगता जे जुळत गेलं ते इथे लिहिते आहे.

आपला ऑर्गन हा नळ्यांच्या ऑर्गनच्या कुळातला नव्हेच. तो पितळी सुरांचा, म्हणजे पेटीचा सख्खा भाऊ. पातळ पितळी पट्टी, एका टोकाला पक्की, दुसऱ्या टोकाला मोकळी. हवा गेली की ती थरथरते. १८४० च्या सुमारास पॅरिसच्या अलेक्झांडर दबेनने या तत्त्वावर हार्मोनियम केली. तिच्यात भाता हवा बाहेर ढकलतो. अमेरिकेत याच वाद्याची उलटी तऱ्हा निघाली. तिथे भाता हवा आत ओढतो, त्यामुळे आवाज जरा मऊ आणि गोल येतो. नाटकवाल्यांचा ऑर्गन तो हा. एकट्या एस्टी कंपनीने व्हरमाँटच्या एका लहानशा गावात असे पाच लाखांवर ऑर्गन बनवले. तिकडच्या घराघरांत ते दिवाणखान्याचं भूषण होतं, पुढे पियानो स्वस्त झाले, रेडिओ आला, आणि ते माळ्यावर गेले.

आपल्याकडे मधेच एक वेगळी गोष्ट घडली. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी पायाचा भाता काढून हाताचा केला. जमिनीवर मांडी घालून बसणाऱ्यांचं वाद्य झालं. सोय झाली, पण एक हात भात्याला अडकला. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'शाकुंतल' रंगभूमीवर आलं आणि संगीत नाटकाचं युग सुरू झालं. पुढच्या तीसेक वर्षांत पेटी तिथली मुख्य मानकरी होऊन बसली. इतकी, की १९११ साली 'मानापमान'च्या चाली दिल्या त्या गोविंदराव टेंबे यांनी, आणि गोविंदराव हे नावाजलेले पेटीवादक, भास्करबुवा बखल्यांची साथ करणारे. दोनच वर्षांनी, १९१३ मध्ये, बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि टेंबे यांनी मिळून गंधर्व नाटक मंडळी काढली. (हेच टेंबे १९३२ साली प्रभातच्या 'अयोध्येचा राजा' या पहिल्या मराठी बोलपटाचे नायकही होते आणि संगीतकारही. एका माणसात किती मावावं!) गंधर्व मंडळीत तबल्याला थिरकवाँ, सारंगीला कादरबक्ष आणि जोडीला ऑर्गन, असा थाट असे.

ऑर्गनच का? तर तेव्हा मायक्रोफोन नव्हता. शेवटच्या रांगेतल्या पिटातल्या प्रेक्षकापर्यंत गळा पोचवायचा, तर त्याच्या मागे सुराची भिंत हवी. हातपेटीवर एकच हात मोकळा. ऑर्गनवर भाता पायांकडे, म्हणून दोन्ही हात मोकळे. डाव्या हाताने आधार धरायचा, उजव्याने गाण्याचा माग काढायचा. शिवाय गुडघ्याशी एक दांडी असते, ती बाजूला रेटली की आतल्या झडपा उघडून आवाज मोठा होतो. म्हणजे बोटं, पाय, गुडघा, सगळं अंगच वाजवत असतं. नट श्वास घेतो तेव्हा वादक पाय सैल सोडतो, नट तानेला निघाला की पाय नेटाने चालू लागतात. माझ्या मते हे वाद्य हातांनी कमी आणि पायांनी जास्त वाजतं.

आता गंमत पहा. आज आपण ज्याला परंपरा म्हणून कुरवाळतो त्याच वाद्याला एके काळी परकं आणि निर्जीव म्हणून हाकलून लावलं होतं. १ मार्च १९४० पासून आकाशवाणीने पेटीला बंदी घातली. रवींद्रनाथ टागोरांनाही पेटी खपत नसे. आक्षेप दोन. एक, पट्ट्या ठरलेल्या, मग मींड कशी निघणार? दुसरा, पाश्चात्त्य पद्धतीने सप्तकाचे बारा सारखे तुकडे केलेले, आपल्या श्रुती त्यात बसत नाहीत. इंग्रज गेले तरी बंदी राहिली. नभोवाणी मंत्री बाळकृष्ण केसकर, आपलाच मराठी माणूस, १९५२ ते १९६२ खुर्चीवर होते, पण पेटीला दार उघडलं नाही. ते किलकिलं झालं १९७१ साली. तोपर्यंत मी बी.ए. होऊन नोकरीच्या शोधात होते! आक्षेप खोटे नव्हते बरं का. पं. गोविंदराव पटवर्धनांचे शिष्य डॉ. विद्याधर ओक यांनी पुढे बावीस श्रुतींची पेटी बनवली ती याच उणिवेवर उपाय म्हणून. पण बंदीच्या त्या एकतीस वर्षांत गावोगावची भजनं, कीर्तनं आणि नाटकं पेटीवाचून एक दिवस थांबली नाहीत.

नकलेचा इतिहासही जुनाच. १९५४ च्या 'नागिन' सिनेमातली बीन ही बीन नव्हे. कल्याणजींनी क्लॅव्हिओलिन नावाच्या विजेच्या वाद्यावर ती वाजवली, आणि आज लग्नाच्या वरातीत आपण ज्यावर नाग होऊन डोलतो तो त्या विजेच्या वाद्याचाच वारसा. त्याआधी १९३५ मध्ये अमेरिकेत हॅमंडने नळ्यांच्या ऑर्गनला स्वस्त पर्याय म्हणून विजेचा ऑर्गन काढला होता. आत ९१ दातेरी चकत्या मोटरीवर फिरतात आणि त्यातून सूर उमटतात. पट्टी दाबताना त्यात 'टक्' असा बारीक आवाज येई. कंपनीच्या लेखी तो दोष. जाझ आणि रॉकवाल्यांना मात्र तोच आवडला. आज नातवाच्या डबीतल्या हॅमंडमध्ये ती टकटक मुद्दाम भरलेली आहे, आणि कमीजास्त करायला वेगळी खुंटीसुद्धा!

डबीचं तत्त्व काय? आवाजाचा नमुना घ्यायचा, तो पट्टीला बांधायचा, पट्टी दाबली की नमुना वाजतो. याला सॅम्पल म्हणतात. १९६३ च्या मेलोट्रॉनमध्ये प्रत्येक पट्टीखाली ध्वनिफितीचा एक तुकडा असे, जास्तीत जास्त आठ सेकंदांचा. मग संगणकाची स्मृती आली. रॉजर लिनने आकाईसाठी केलेलं पहिलं एमपीसी १९८८ सालचं. त्यात मुळात एकंदर १३ सेकंदांचा आवाज मावे. तेरा सेकंद! बालगंधर्वांची एक तान पुरी झाली नसती.

आता येते अण्णांकडे. अण्णा आमच्या शेजारच्या इमारतीत राहतात, वय ८३. उमेद होती तेव्हा दिवसा कारखान्यात लेथवर आणि संध्याकाळी हौशी नाटकमंडळींच्या तालमीत. या पट्ट्यात अशी माणसं पुष्कळ होती. पिंपरी-चिंचवड म्हटलं की लोकांना फक्त भोंगे आठवतात, पण पहिल्या पाळीहून आलेला माणूस रात्री 'सौभद्र'मधला कृष्ण होत असे. मंडळींनी वर्गणी काढून एक जुना परदेशी ऑर्गन घेतला होता. मंडळी पांगली, ऑर्गन अण्णांकडे राहिला. गेली चाळीसेक वर्षं तो त्यांच्या बैठकीच्या खोलीत आहे, वर गणपती आणि औषधांचा डबा. आता इमारत पुनर्विकासाला निघाली आहे. मधली दोन-तीन वर्षं भाड्याच्या खोलीत काढायची. मुलगा म्हणतो, ऑर्गन तिथे मावणार नाही. भंगारवाला येऊन लाकूड टिचकी मारून पाहूनही गेला. अण्णा मला म्हणाले, "बाई, पितळ किती निघेल ते विचारत होता हो."

नातवाला मी एवढंच सांगितलं, की तुझ्या संचात नाही तो ऑर्गन शंभर पावलांवर आहे.

पाच रात्री लागल्या. दिवसा शक्यच नव्हतं. आमच्या संत तुकाराम नगरात महामार्ग जवळ, वायसीएम रुग्णालय जवळ, हॉर्न आणि रुग्णवाहिका अखंड. अकरानंतर सुरुवात करायची. पट्ट्या ६१, त्यातल्या तीन पूर्ण मुक्या. उरल्या ५८. प्रत्येक पट्टी दोन स्टॉपवर, आणि प्रत्येक स्टॉपवर दोनदा, एकदा भाता हलका आणि एकदा जोरात. एकूण २३२ नमुने, दहा-दहा सेकंदांचे. सेकंदाला ४४,१०० वेळा आवाज मोजला जातो, त्या हिशेबाने सगळं मिळून ४०० एमबीच्या आसपास. एका नमुन्यात शेजारच्या कुकरची शिट्टी आहे. रात्री पावणेबाराला कोण कुकर लावतं देव जाणे!

फाइली कार्डावर घालून डबीत भरणं, कुठला नमुना कुठल्या पट्टीला ते जोडणं, हे नातवाचं काम. मी नुसती बघत होते. पण दोन ठिकाणी वाद झाला आणि तो ऐकण्यासारखा होता.

खर्जातले मोठे सूर सावकाश बोलतात. पट्टी दाबल्यावर पितळ हलायला क्षणभर लागतो. नातवाने तो क्षण छाटून टाकला, कारण डबीवर बोट ठेवताच आवाज यायला हवा ही त्याची सवय. अण्णांनी वाजवून पाहिलं आणि मान हलवली. म्हणाले, "अरे, तो उशीर वादकाला ठाऊक असतो. म्हणून तो खर्जाचं बोट आधी टाकतो. तू उशीर काढलास, आता माझंच बोट लवकर पडतंय." खालच्या सप्तकांचे नमुने पुन्हा मूळचे घातले. वरचे छाटलेले ठेवले. मला हा तोडगा योग्य वाटला.

दुसरा वाद लाटेचा. एका स्टॉपमध्ये दर पट्टीला दोन सूर एकदम वाजतात, त्यातला एक किंचित चढा. त्यामुळे आवाजात मंद लाट येते. पट्टी दहा सेकंदांहून जास्त दाबली तर डबी नमुन्याचा मधला भाग पुन्हापुन्हा वाजवते, आणि सांधा लाटेच्या मधे आला तर उचकी लागल्यासारखं होतं. दर पट्टीची लाट वेगळ्या गतीची. नातवाने एकेक सांधा कानाने जुळवला. परीक्षेचा अभ्यास एवढ्या चिकाटीने केला असता तर... असो.

मुक्या पट्ट्यांचा प्रश्न मात्र यंत्राने चुटकीसरशी सोडवला. शेजारच्या पट्टीचा नमुना अर्धा सूर चढवून तिथे बसवला. पण अण्णा वर्षानुवर्षं त्या तीन पट्ट्या चुकवून वाजवत आलेत. डबीवरही ते त्या चुकवतातच, आणि त्यांना आडवाटेने जाताना पाहून नातू हसतो.

पायांचं काय? कीबोर्डला जोडायचं एक पेडल मिळतं. १९८३ पासून सगळ्या कंपन्यांनी मिडी नावाची एक सामाईक भाषा मान्य केली आहे, तिच्यात आवाज फुलवण्या-मिटवण्याचा निरोप अकरा नंबरचा. पेडल खाली दाबलं की हलक्या भात्याचा नमुना मागे पडतो, जोराचा पुढे येतो. बऱ्यापैकी जमतं. पण ऑर्गनचा भाता मरत असतो. पाय थांबले की सूर विझतो, म्हणून पाय थांबवता येत नाहीत. डबीचं पेडल आहे तिथे ठेवलं तर सूर जागच्या जागी उभा. अण्णांचा उजवा पाय पेडलवर आणि डावा पाय रिकाम्या फरशीवर, दोन्ही आळीपाळीने चाललेले असतात. त्यांच्या लक्षात नसतं. नातवाने पेडल न हलवल्यास आवाज आपोआप ओसरत जाईल अशी काहीतरी व्यवस्था करून पाहिली. तेवढ्यानेच पदाची सुरुवात 'ऑर्गनची' वाटू लागली, असं अण्णा म्हणाले. एवढी शाबासकी त्यांनी अजून दुसऱ्या कशाला दिलेली नाही.

ऑर्गन अजून घरातच आहे. इमारत रिकामी करायला अडीच महिने मुदत आहे, आणि भंगारवाल्याला मी चार वेळा परत पाठवला. नमुने आमच्याकडे आहेत म्हणून पितळ वितळवायला देणं मला पटत नाही. शिवाय त्या तीन मुक्या पट्ट्या बोलत्या झाल्या तर नमुने पुन्हा घ्यायचे आहेत.

तेव्हा ब्लॉगवरच्या मित्रमंडळींना आणि सांगली-मिरज, रत्नागिरी, गोवा इकडच्या आपल्या नातलगांना विनंती. पायाच्या ऑर्गनचा भाता नव्याने मढवणारा कारागीर माहीत असेल तर कळवा. आणि कुणा नाट्यमंडळाकडे किंवा संगीत विद्यालयाकडे जागा असेल तर तेही. वाद्याची रुंदी साडेतीन फूट, उंची चार फूट, चार माणसांना उचलतं. वाळवी लागलेली नाही, मी स्वतः टॉर्च घेऊन पाहिलं आहे.