अस्थिमज्जेतील जठरकर्करोग

जठराच्या अस्तरात उद्भवलेल्या कर्करोगाच्या पेशी रक्तावाटे हाडांतील मज्जेत जाऊन तेथे वाढू लागल्यास होणारा विकार. जठरकर्करोग बहुधा लसीका ग्रंथी, यकृत व उदरपोकळीचे अस्तर यांत पसरतो, मज्जेत क्वचितच. जपानमधील हायाशी व सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये या विकाराची स्वतंत्र मांडणी केली.

स्वरूप : मज्जेत पोहोचलेल्या पेशी दीर्घकाळ सुप्त राहू शकतात. जठराची शस्त्रक्रिया यशस्वी झाल्यावर अनेक वर्षांनी, मूळ गाठ अगदी प्राथमिक अवस्थेतील असतानाही, मज्जेत रोग आढळल्याच्या नोंदी आहेत. लक्षणे दिसू लागल्यावर मात्र तो झपाट्याने बळावतो. रक्तपेशी तयार होण्याची जागाच व्यापली गेल्याने रक्तक्षय होतो व प्लेटलेट घटतात. पाठ व कंबर सतत दुखते. रक्तवाहिन्यांत सूक्ष्म गुठळ्या होऊन रक्त गोठवणारे घटक संपतात आणि हिरड्यांतून, नाकातून रक्तस्राव होतो.

निदान : रक्तात अपक्व पेशी दिसतात, अल्कलाइन फॉस्फेटेजची पातळी बहुधा वाढलेली असते. कमरेच्या हाडाची मागची कडा बधिर करून पोकळ सुईने मज्जेचा नमुना घेतात. मज्जा पेशींनी गच्च भरलेली असल्यास सुईत काहीच ओढले जात नाही. तेव्हा हाडाचा बारीक तुकडा काढावा लागतो. सूक्ष्मदर्शकाखाली अनेकदा श्लेष्म्याने फुगलेल्या, केंद्रक कडेला सरकलेल्या अंगठीसारख्या पेशी दिसतात.

उपचार : रसायनोपचाराने रक्तस्राव आटोक्यात येऊन काही महिन्यांचे आयुष्य लाभू शकते; रोग पूर्ण बरा होत नाही. वेदनाशमन व रक्त देणे हेही उपचाराचे महत्त्वाचे भाग होत.

चंद्रपूर व गडचिरोली : महाराष्ट्रातील या वनजिल्ह्यांत सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार आढळतो, गडचिरोलीत हिवतापही मोठ्या प्रमाणावर आहे. रक्तक्षय दोन्हींत होतो, हाडे सिकलसेलमध्येही दुखतात. त्यामुळे मज्जेतील कर्करोग नजरेआड होण्याचा धोका असतो. सिकलसेलचा त्रास बहुधा बालपणीच सुरू होतो. ‘एएस’ वाहकाला (सिकलसेलचे एकच सदोष जनुक असलेल्याला) तर त्यामुळे सहसा रक्तक्षय होत नाही. म्हणून वाहक असलेल्या प्रौढाचे रक्त अचानक कमी झाल्यास दुसरे कारण शोधलेच पाहिजे. जठर काढलेल्यांत बी-१२ जीवनसत्त्वाच्या अभावानेही रक्तक्षय होतो व तो इंजेक्शनांनी बरा होतो. त्याचीही तपासणी आवश्यक असते. कर्करोगाच्या पुढील उपचारांसाठी नागपूर येथे राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय आहे.

जठराची शस्त्रक्रिया झालेल्यांनी तिची कागदपत्रे जपून ठेवावीत आणि कितीही वर्षे लोटली तरी नव्या डॉक्टरांना ती आधी दाखवावीत.