एक शिलिंगाचे शुभेच्छापत्र

ब्रिटनमध्ये 1840 पूर्वी पत्राचे पैसे बहुधा ते घेणाऱ्याला भरावे लागत, आणि अंतर वाढले की दरही वाढे. हातावर पोट असलेल्या घरात पोस्टमन दारात आला की पोटात गोळा यायचा. टपालसुधारक रोलंड हिल यांच्या खटपटीने 10 जानेवारी 1840 पासून देशभर एक पेनी असा सरसकट दर लागू झाला आणि हे चित्र पालटले. नाताळच्या शुभेच्छापत्राचे मूळ शोधायचे तर टपालाच्या या दरपत्रकापासूनच सुरुवात करावी लागते.

या सुधारणेसाठी झटणाऱ्यांत हेन्री कोल हे सरकारी अधिकारी होते. पुढे लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयाचे, म्हणजे आजच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमचे, ते पहिले संचालक झाले. टपाल स्वस्त झाले तशी सणासुदीची पत्रेही वाढली. आलेल्या पत्राला उत्तर न देणे हा उद्धटपणा मानला जाई, आणि कोल तर कामात बुडालेले. 1843 साली त्यांनी चित्रकार जॉन कॅलकॉट हॉर्सली यांच्याकडून नाताळच्या शुभेच्छापत्रासाठी एक चित्र काढून घेतले, त्याच्या प्रती छापवल्या आणि त्या हाताने रंगवून घेतल्या. वर नाव लिहायला मोकळी जागा, खाली पाठवणाऱ्याची सही.

हे चित्र नीट पाहावे असे आहे. द्राक्षवेलींच्या चौकटीत तीन भाग. मधल्या भागात तीन पिढ्यांचे कुटुंब मेजाभोवती बसून, हातातले प्याले उंचावून, कार्ड पाहणाऱ्यालाच शुभेच्छा देते आहे. एका बाजूला भुकेल्यांना अन्न दिले जाते आहे, दुसऱ्या बाजूला उघड्यांना वस्त्र. सणाच्या पंगतीशेजारी गरिबाला जागा देणारी ही रचना मला फार मोलाची वाटते. चार्ल्स डिकन्सची ‘अ ख्रिसमस कॅरल’ ही कथाही 1843 च्याच डिसेंबरातली; श्रीमंतांच्या नाताळात गरिबाचा वाटा किती, हा प्रश्न त्या वेळी हवेतच होता.

टीका मात्र झाली ती भलत्याच गोष्टीवर. मधल्या चित्रात एका लहान मुलीच्या ओठांना वाइनचा प्याला लावलेला आहे, त्यावर दारूबंदीवाले खवळले. शिवाय विक्रीला ठेवलेल्या प्रतीची किंमत एक शिलिंग, म्हणजे बारा पेनी, टपालखर्चाच्या बारापट! एवढे महाग कार्ड सामान्य माणूस कुठून घेणार? प्रथा लगेच रुजली नाही, यात नवल नाही.

ती रुजली रंगीत शिळाछपाई स्वस्त झाल्यावर, आणि 1870 मध्ये कार्डे अर्ध्या पेनीत जाऊ लागल्यावर. तोवर रॉबिन हा लाल छातीचा पक्षी कार्डांवर येऊन बसला होता. लाल कोट घालणाऱ्या पोस्टमनना लोक ‘रॉबिन’ म्हणत. म्हणून काही कार्डांवर हा पक्षी चोचीत पत्र घेऊन येतो. रॉबिन आजही टिकून आहे. हॉर्सलींची ती दोन बाजूची चित्रे मात्र पुढच्या कार्डांवरून गळाली; बर्फ, घंटा आणि हॉली यांनी त्यांची जागा घेतली. पहिल्याच कार्डातला सर्वांत चांगला विचार असा मागे पडायला नको होता.